काठी परत येते तेव्हा

लहान मुलासाठी ड्रमसेट बघायला गेलात तर दुकानात आधी एक प्रयोग करा. वाजवू नका. काठीचं मागचं टोक दोन बोटांत सैल धरा, पुढचं टोक ड्रमच्या वर वीतभर उचला आणि सोडून द्या. पुढचं काम काठीचं.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीने हे केलं तेव्हा छोट्या लाल ड्रमवर काठी टक्, टक्, टकटक, टर्रर्र करत आठ-दहा उड्या मारून थांबली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ही गंमत मी तिच्यापासून सहा वर्षं लपवून ठेवली होती. "आत्या, मी काहीच केलं नाही!" मग खेळण्यांच्या बाजूला मांडलेल्या, तिप्पट चकचकीत सेटवर तिने तेच केलं. थप्. काठी उशीवर पडावी तशी पडली आणि पडूनच राहिली. त्या सेटला पाच ड्रम, दोन झांजा आणि वर एक खोटा माईक होता. लाल सेटला तीनच ड्रम. दुकानदारकाका हसत म्हणाले, "ताई, लोक ड्रम मोजतात."

आम्ही मग उड्या मोजायला लागलो.

काठीला परत पाठवतं ते ताणलेलं पान. पान घट्ट ताणलेलं असेल तर ठोका बसताच ते किंचित खाली दबतं आणि लगेच काठीला वर झटकतं. काठी आणि पान यांची भेट काही हजारांश सेकंदांची असते. डोळ्याला ती दिसत नाही, पण बोटांना कळते. सगळं ड्रमवादन या क्षणिक भेटीवर उभं आहे. ड्रमर जो लांबच लांब 'रोल' वाजवतो, त्यात हाताच्या एका हालचालीतून दोन ठोके निघतात: पहिला वादकाचा, दुसरा उसळीतून आलेला आणि बोटांनी अलगद सांभाळलेला. गणपतीच्या मिरवणुकीत ताशेवाल्याचे हात जरा जवळून बघा. कानाला जितके ठोके ऐकू येतात तितक्या वेळा ते हलत नाहीत.

खेळण्यातल्या ड्रमवर प्लास्टिकचा ढिला पत्रा असतो. तो काठी परत देत नाही, म्हणून मूल ती प्रत्येक वेळी स्वतः उचलतं. मग मूठ आवळली जाते, खांदा वर चढतो, आणि दहा मिनिटांत "हात दुखतो" सुरू होतं. घरचे म्हणतात, आवड नाही. आवड असते हो, ड्रमच मुका असतो.

आता त्या लाल सेटकडे नीट बघू, कारण ही मुळात फार विचित्र वस्तू आहे. तबला, पखवाज, ढोलकी ही एकेकटी वाद्यं. ड्रमसेट म्हणजे एका माणसाभोवती भरलेला बाजार. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या बँडमध्ये मोठा ड्रम एक जण वाजवायचा, छोटा दुसरा, झांजा तिसरा. मिरवणुकीत हे ठीक होतं. पण न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांतल्या नाचघरांत आणि नाटकगृहांत जागा कमी, पैसेही कमी. तेव्हा एकाच वादकाने दोन-तीन वाद्यं सांभाळायची युक्ती निघाली, आणि मोठ्या ड्रमचं काम हळूहळू पायाकडे गेलं. शिकागोच्या विल्यम लुडविगने पायाने चालणाऱ्या पेडलचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. पेडल दाबलं की दांड्याच्या टोकावरचा गोळा मोठ्या ड्रमवर आपटतो आणि स्प्रिंग त्याला मागे खेचते. पुढे १९२०च्या दशकात डाव्या पायालाही काम मिळालं: एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजा, म्हणजे हाय-हॅट. एका बाकावर बसलेला माणूस चार अवयवांनी चार वादकांची नोकरी करू लागला. जुने वादक या जुगाडाला 'ट्रॅप्स' म्हणत. 'काँट्रॅप्शन' या शब्दाचं ते लाडकं, तुटकं रूप असं सांगतात. आपल्याकडे 'लटांबर' म्हटलं असतं.

म्हणून मुलासाठी सेट निवडताना खरा प्रश्न पायाचा असतो. मूल स्टुलावर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या हव्यात. पाय लोंबकळत असतील तर पेडल दाबायला अख्खं शरीर पुढे झुकतं आणि वरचे हात डळमळतात. आमच्या बाईसाहेब दुकानातल्या मोठ्या सेटवर बसल्या तेव्हा पेडलपर्यंत फक्त अंगठा पोचत होता, आणि झांजेपलीकडे तिचे डोळेही दिसत नव्हते. उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल घ्या. सेटच्या किमतीत घासाघीस करा, स्टुलात नको. आणि स्नेअर, म्हणजे मांड्यांच्या मध्ये येणारा तो चपटा ड्रम, मांडीपेक्षा जरासा वर असावा. त्याच्या तळाला बारीक तारांची पट्टी असते. वरच्या पानावर ठोका बसला की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, तारा थरथरतात आणि तो खरखरीत 'चर्र' निघतो. भाचीने सेटखाली झोपून त्या तारा हाताने दाबल्या, सोडल्या, परत दाबल्या. मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धडा तो होता.

मोठ्यांच्या सेटमधला बेस ड्रम बहुधा बावीस इंचांचा असतो, मुलांच्या सेटमधला सोळाच्या आसपास. हा फरक फक्त जागेचा नाही. पान तेच आणि ताण तोच ठेवून ड्रमचा व्यास निम्मा केला, तर आवाज बरोबर दुप्पट उंच होतो, म्हणजे एक सप्तक वर जातो. त्यामुळे छोट्या बेस ड्रममधून 'धूंम' ऐवजी 'धप्' येतो. तो खाली आणायला पान ढिलं करावं, तर उसळी मरते. मी तरी धप् पत्करेन. छातीत घुमणारा आवाज मोठेपणी मिळेल, आता हातात उसळी हवी. सेटबरोबर एक लहानशी चावी येते. तिने कडेचे स्क्रू आवळायचे ते ओळीने नाही, समोरासमोर, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे, म्हणजे ताण सगळीकडे सारखा पडतो.

एके काळी ही पानं वासराच्या कातड्याची असत आणि हवेबरोबर त्यांचा मूड बदले. आपल्या हलगीवाल्यांना हे सांगायला नको. वाजवण्याआधी जाळावर धरून हलगी शेकायची ती उगाच नाही: ओल धरलेलं कातडं सैलावतं. १९५७च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली यांनी मायलर नावाच्या पॉलिएस्टरच्या पातळ पटलाची पानं बाजारात आणली. कोकणातल्या जुलैतही आज मुलाचा ड्रमसेट वाजतो, तो या प्लास्टिकमुळे.

ड्रम कोणत्या सुरात लावायचा, असं भाचीने विचारलं. ती हार्मोनियमवर सा ओळखते. मला या प्रश्नाचं उत्तर फार आवडतं, कारण ते पुढे जाऊन गणितात शिरतं. तार छेडली की तिच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं निघतात. ती आपसांत जुळतात, म्हणून कानाला एकच स्वच्छ स्वर ऐकू येतो. गोल पडद्याचं तसं नाही. त्याची वरची कंपनं मूळ कंपनाच्या सुमारे १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशा वेड्यावाकड्या हिशेबात येतात. कोणाचं कोणाशी पटत नाही, आणि सगळे एकदम बोलले की आपल्याला स्वर नव्हे, 'धब्' ऐकू येतो. मग तबल्यातून सा कसा येतो? हा प्रश्न सी. व्ही. रामन यांनाही पडला होता. कलकत्त्यात असताना, नोबेलच्या दहा वर्षं आधी, १९२० मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह त्यावर टिपण प्रसिद्ध केलं. त्याचं मर्म तबल्याच्या मधोमध असलेल्या काळ्या शाईत आहे. शाईचा थरावर थर चढवत मधला भाग असा जड केलेला असतो की भांडखोर कंपनं दुप्पट-तिप्पटच्या रांगेत येऊन उभी राहतात. मृदंगाचंही तसंच. हे ज्यांनी बसवलं त्यांच्यापाशी समीकरणं नव्हती, कान होता.

आणि याहून चमत्कारिक प्रश्न मार्क काट्स या गणितज्ञाने १९६६ मध्ये विचारला: ड्रम डोळ्यांनी न बघता, निव्वळ त्याची सगळी कंपनं ऐकून त्याचा आकार सांगता येईल का? उत्तर यायला सव्वीस वर्षं लागली. १९९२ मध्ये तीन गणितज्ञांनी दोन वेगवेगळे कोनाकोनांचे आकार दाखवले, ज्यांची कंपनं तंतोतंत सारखी निघतात. म्हणजे नेहमीच सांगता येतं असं नाही. भाचीने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि चौकोनी ड्रम मिळतो का ते विचारलं.

झांजांबद्दल थोडक्यात, पण इथेच घरात एक प्रयोग करता येतो. पितळेचं ताट आणि आजीचं काशाचं ताट शेजारी धरून चमच्याने हलकेच वाजवा. पितळ बोलतं आणि गप्प होतं, कासं रेंगाळतं. पितळेत तांब्यासोबत जस्त असतं, काशात कथील. उत्तम झांजांचा धातू साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील, म्हणजे थेट आपल्या काशाचा सख्खा भाऊ. इस्तंबूलमधल्या एका आर्मेनियन कुटुंबाने सतराव्या शतकात सुरू केलेला झिल्जन हा झांजांचा कारखाना आज अमेरिकेत चालतो. मुलांच्या सेटबरोबर मात्र बहुधा पितळेचीच झांज येते, डब्याच्या झाकणासारखी. सुरुवातीला तेवढी चालवून घ्या. नंतर एखादी बरी झांज वेगळी आणता येते.

आता शेजाऱ्यांचा विषय. त्याआधी कानांचा, खरं तर. बंद खोलीत ड्रमसेटचा आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत घालून दिलेली एक मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हा हिशेब करत गेलं तर १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. हे मोठ्या माणसांचं झालं. म्हणून मुलासाठी कान झाकणारे मफ सेटबरोबरच आणायचे आणि 'चपलेशिवाय बाहेर नाही' इतक्या सहजपणे ती सवय लावायची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक सेट हा दुसरा मार्ग. त्याच्या पानाखाली एक चकती असते. तिच्यावर दाब पडला की ती वीज तयार करते, यंत्र त्या विजेवरून ठोका कुठे आणि किती जोरात पडला ते ओळखतं आणि आवाज हेडफोनमध्ये सोडतं. दाबातून वीज काढणारे हे स्फटिक पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले. तुमच्या ओट्यावरच्या गॅस लायटरमध्येही तेच आहे: खटका, दाब, ठिणगी. जाळीचं पान असलेला सेट मिळाला तर रबरी पॅडपेक्षा तो घ्यावा. जाळी छान उसळी देते, जरा जास्तच देते, त्यामुळे खऱ्या ड्रमवर गेल्यावर हात थोडा बावरतो. हेडफोनचा आवाज मात्र तुम्ही आधी स्वतःच्या कानाला लावून ठरवा. आणि खालच्या मजल्यावर पेडलचा धक्का पोचतोच, तेव्हा सेटखाली जाड सतरंजी हवी.

चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा सेट देऊ नये, असं माझं मत. एक बरा स्नेअर किंवा डफ, दोन आखूड काठ्या, पुरे. लय त्याला द्यावी लागत नाही, ती आधीच आलेली असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमसेटचा साधा रॉक ठेका ऐकवला आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या. मधूनच समेचा ठोका गाळला, की बाळाचा मेंदू दचके. दुसरा एखादा ठोका गाळला तर नाही. डोळे अजून नीट स्थिरावलेले नाहीत, आणि सम चुकलेली कळते!

त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग जर्मनीतला. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ठेक्याबरोबर वाजवायला सांगितलं. कधी तो ठेका नुसत्या स्पीकरमधून यायचा, कधी यंत्र ड्रम वाजवायचं, कधी समोर बसलेला माणूस. मुलांची आपसूक लय मोठ्यांपेक्षा जलद असते, संथ ठेका त्यांना जड जातो. पण समोर माणूस असला की अगदी अडीच वर्षांची मुलंही आपली लय सोडून त्याच्या लयीकडे सरकत. यंत्राबरोबर इतकं जमत नसे.

लाल सेट दादाच्या घरी येऊन महिना झाला. रविवारी सकाळी खालचे काका फिरायला गेले की आम्ही बसतो. ती सेटवर, कानांवर निळे मफ. मी समोर जमिनीवर, मांडीत पालथा घातलेला पिठाचा डबा. एक-दोन-तीन-चार, संथ. चौथ्या आवर्तनाला ती काठी वर धरून थांबली.

"आत्या, तू पळतेयस."