सीमेवर विचारली जाणारी ओळख

आपल्यापैकी जे लुंबिनीच्या यात्रेस गेले असतील त्यांना सोनौलीचा नाका आठवत असेल. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपणास तेथे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखविले तरी चालते. थायलंडहून आलेल्या उपासकास मात्र त्याच नाक्यावर पासपोर्ट व व्हिसा काढावा लागतो. तथागतांच्या जन्मस्थळी निघालेले दोघेही यात्रेकरूच, परंतु रांगा निराळ्या!

आपल्या पश्चिम समुद्रावर हीच ओळख फार महाग पडते. पावसाळा सरला की डहाणू-तलासरीकडील कितीतरी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांत आदिवासी पुष्कळ. मुरबे-सातपाटीच्या माणसाला सांगावयास नको की पाण्यावर कुंपण नसते. त्यातून सर क्रीकचा वाद न मिटल्याने तेथील सागरी हद्दही उभय देशांत ठरलेली नाही. मासळीमागे गेलेली बोट पाकिस्तानने पकडली की खलाशी कराचीच्या तुरुंगात. पासपोर्ट कधी हाती न धरलेल्या माणसाचे हे परदेशगमन! गावी तो अमक्या पाड्याचा, तमक्या जातीचा. तेथे निव्वळ भारतीय.

विद्यार्थ्यांनी पुढील भाग नीट समजून घ्यावा. २१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाली की एका महिन्यात कैद्यास मायदेशी पाठवावे, असे त्यात म्हटले आहे. गोम आहे ती या खातरजमेत. तुरुंगात सांगितलेले नाव-गाव इकडे कळविले जाते व पोलीस घरी येऊन रेशनकार्ड, मतदारयादी पाहतात. नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे असेल, किंवा पाड्याचे नाव चुकले, तर शोध लांबतो. शिक्षा भोगून झालेला माणूस आतच राहतो आणि इकडे चूल कर्जावर चालते. ज्या ओळखीपायी तो पकडला गेला, तीच सिद्ध होईपर्यंत सुटका नाही, हे आम्हास फार अन्यायाचे वाटते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छिमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. ते पत्र बोटीवर न्यावेच. पण एक प्रत आईच्या वा पत्नीच्या हाती ठेवून निघावे. चौकशीस पोलीस येतात ते तिच्याच दारात.