कालव्याचा ताळेबंद

आमच्या लोधीखेड्याच्या जाम नदीचे पाणी कन्हानला मिळते, तेथून वैनगंगा, प्राणहिता आणि शेवटी गोदावरी. याच पाण्याच्या खालच्या वाटेने नागपूर-वऱ्हाडचा कापूस नावांतून समुद्राकडे नेण्याचा बेत एकोणिसाव्या शतकात झाला होता. सर आर्थर कॉटन हे त्याचे पुरस्कर्ते.

वाटेत मोठे खडकाळ अडथळे होते. पैकी दुम्मगुडेम येथे बंधारा व शेजारून लॉक असलेला कालवा बांधण्यात आला. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारे असलेला दगडी हौद. नाव आत आली की खालचे दार लावायचे, वरून पाणी सोडायचे. हौद भरतो, नाव वर चढते, मग वरचे दार उघडायचे. परंतु 1867 साली रेल्वे नागपुरास पोहोचली आणि 1871 मध्ये ही योजना सोडून देण्यात आली.

इंग्लंडच्या केनेट-एव्हन कालव्याचीही हीच गत झाली. 1810 साली पुरा झालेला हा कालवा 1852 मध्ये रेल्वे कंपनीनेच विकत घेतला आणि पुढे तो ओस पडला. तेथील लोकांनी 1962 मध्ये न्यास स्थापून, श्रमदान करून, 1990 साली तो पुन्हा खुला केला. आज तेथे मालाच्या नावा नाहीत. लोक नौकाविहार करतात, गळ टाकतात, आणि घोडे जेथून नावा ओढत त्या काठावरून फिरतात.

असा कालवा जिवंत करायचा तर गाळ उपसावा लागतो, ओली चिकणमाती तुडवून गळती बुजवावी लागते, दारे नवी करावी लागतात. नावांच्या लाटांनी काठ ढासळतो. म्हणून नावा सावकाश चालवाव्यात. एक काठ उतरता ठेवून त्यावर लव्हाळे वाढू द्यावे, म्हणजे खंड्या, वंचक, पाणकोंबडी यांना आसरा मिळतो. दुसऱ्या काठावर धुण्याचा घाट आणि गुरांचे पाणवठे हवेत, नाहीतर गावाला तो कालवा परका वाटेल.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाळ उपसणे हा भांडवली खर्च. त्याला एकदा पैसा मिळतो, उद्घाटनही होते. पण दरसाल जलपर्णी काढणे, दारांना वंगण देणे हा महसुली खर्च. त्याची तरतूद नसेल तर चार पावसाळ्यांत कालवा पुन्हा बुजतो.

2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत वैनगंगा-प्राणहितेचे नाव आहे. तेव्हा हिशेब पुन्हा मांडला जाईल. तो केवळ मालाच्या टनांत मांडू नये. काठावरच्या माणसांचे आणि पाखरांचे पाणीही जमेच्या बाजूला लिहावे, एवढेच माझे मागणे आहे.