घरगुती टाकींत प्रवाळाची लागवड

रहाटणी हें पवनेच्या खोऱ्यांतलें जुनें गांव. आज तें पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे. समुद्रसपाटीहून साडेपांचशे मीटरांपेक्षां अधिक उंच, आणि समुद्र तर घाटापलीकडे. तरीसुद्धां अशा ठिकाणच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाकींत खारें पाणी भरून त्यांत जिवंत प्रवाळ वाढवितां येतें. हा छंद लागला कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, हें प्रवाळ आणावयाचें कोठून? समुद्रांतून उपटून, हें त्याचें उत्तर असूं नये. एखाद्या स्नेह्याच्या टाकींत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा घेऊन तो आपल्याकडे रुजविणें, हें खरें उत्तर. जास्वंदीची फांदी शेजारच्या कुंडींत खोवावी, तितकीच ही गोष्ट स्वाभाविक आहे.

प्रवाळ म्हटलें कीं आपल्याला मंगळासाठीं अंगठींत घालावयाचें पोवळें आठवतें. तें पोवळें म्हणजे भूमध्य समुद्रांतील एका प्राण्याचा सांगाडा होय. त्या प्राण्याच्या प्रत्येक मुखाभोंवतीं आठ लहान भुजा असतात, आणि ज्यांना आपण मऊ प्रवाळें म्हणतों तीं याच अष्टभुज कुळांतलीं. फरक इतकाच कीं, मऊ प्रवाळाला अखंड दगडी सांगाडा नसतो. त्याच्या मांसल देहांत चुन्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. म्हणूनच तें कात्रीनें कापतां येतें. एका प्रवाळांत अशीं शेंकडों मुखें एकमेकांना जोडलेलीं असतात, आणि त्यांच्या पेशींत राहणारीं सूक्ष्म शैवालें प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करून यजमानाला पुरवितात.

प्रवाळ हा प्राणी आहे, हें 1720 नंतरच्या दशकांत मार्सेल्सच्या पेसोनेल या वैद्यानें सांगितलें, तेव्हां विद्वानांना तें पटलें नाहीं. पुढें 1740 पासून ट्रेंब्ले नांवाच्या स्विस निसर्गशास्त्रज्ञानें हॉलंडमध्यें गोड्या पाण्यांतल्या हायड्रावर प्रयोग केले. प्रवाळाचा हा दूरचा आप्त कापला तरी प्रत्येक तुकड्यापासून पुन्हां पूर्ण प्राणी होतो, असें त्यानें दाखविलें. आपली सारी लागवड याच गुणावर उभी आहे.

प्रथम पाण्याची व्यवस्था हवी. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन प्रवाळाला मारक असतो. म्हणून गाळणयंत्रांतून पूर्ण शुद्ध केलेलें पाणी घ्यावें. एका लिटरास सुमारें 35 ग्रॅम इतका खारटपणा येईल, असें मत्स्यालयासाठींच तयार केलेलें मीठ त्यांत विरघळवावें. स्वयंपाकाचें मीठ येथें उपयोगाचें नाहीं. कारण समुद्राच्या पाण्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादि द्रव्येंही असावीं लागतात. तपमान 25 ते 26 अंश असावें. आपल्याकडील चैत्र-वैशाखांत टाकी सहज 30 अंशांवर जाते, म्हणून कापण्याचें काम त्या दिवसांत करूं नये.

आरंभीं लेदर कोरल या नांवानें मिळणारें भूछत्रासारखें प्रवाळ निवडावें. तें निरोगी व पूर्ण फुललेलें असावें. हातमोजे व डोळ्यांना चष्मा घालून धारदार पात्यानें छत्रीच्या कडेचा दोन-तीन सेंटिमीटरांचा तुकडा एकाच घावांत कापावा. बोथट पात्यानें मांस चिरडतें आणि पुढें कुजतें. कापतांच प्रवाळ भरपूर बुळबुळीत द्रव सोडतें. तुकडा टाकीच्याच पाण्यानें भरलेल्या वेगळ्या भांड्यांत हलवून स्वच्छ करावा. या द्रवामुळें डिंक लावून तो दगडाला चिकटत नाहीं. म्हणून लहान दगडावर ठेवून वरून विरळ जाळी बांधावी, किंवा सैल दोऱ्यानें आवळावा. मंद प्रवाह व मध्यम प्रकाश असेल तर एक-दोन आठवड्यांत तो धरतो. मग बंधन काढावें. मूळ प्रवाळ कांहीं दिवस मिटून बसतें. त्याला वारंवार हात लावूं नये. त्याच्या द्रवांतील द्रव्यें इतर प्रवाळांना बाधतात, यास्तव टाकींत सक्रिय कोळसा ठेवावा व थोडें पाणी बदलावें.

आतां एक गंभीर सूचना. याच छंदांत झोअँथिड किंवा बटन पॉलिप नांवाचीं सुंदर, रंगीत प्रवाळसदृश जनावरें मिळतात. त्यांच्यापैकीं कांहींमध्यें पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. 1971 मध्यें हवाई येथील शास्त्रज्ञांनीं तें वेगळें करून दाखविलें. ज्या दगडावर तीं वाढलीं आहेत, तो दगड स्वच्छ करण्यासाठीं उकळत्या पाण्यांत कधींही घालूं नये. अशा वाफेनें परदेशांत सबंध कुटुंबें रुग्णालयांत गेलीं आहेत. हें काम स्वयंपाकघरांत नको आणि जवळ मुलें नकोत. नंतर खोकला, धाप किंवा ताप आला, तर त्वरित डॉक्टरांकडे जावें व कारण स्पष्ट सांगावें.

शेवटीं मूळ प्रश्नाकडे वळूं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळें थोडीं आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतांतील मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा 1987 सालीं झाली. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर आंत, कान्होजी आंग्रे यांचें नांव धारण करणारें आंग्रिया बँक हें बुडालेलें पठार आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामांत वरळी व हाजी अली येथील मूठभर प्रवाळें 2020 मध्यें काळजीपूर्वक उचलून दुसरीकडे बसवावीं लागलीं, इतकें त्यांचें मोल आहे. दगडी प्रवाळ, काळें प्रवाळ व समुद्रपंखा यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत 2001 पासून स्थान आहे; त्यांना हात लावणें हा गुन्हा आहे. मऊ प्रवाळ घेतांनाही विक्रेत्याला त्याचें मूळ विचारावें, आणि उत्तर मिळालें नाहीं तर रिकाम्या हातानें परत यावें.

एका चांगल्या वाढलेल्या प्रवाळापासून वर्षाकाठीं कांहीं तुकडे सहज निघतात. ते विकण्यापेक्षां परिचितांना द्यावे. आपल्या टाकींत कधीं वीज गेली, पंप बंद पडला आणि सारें मेलें, तर दिलेल्यांपैकीं एखादा तुकडा परत मिळूं शकतो, आणि मालवणच्या खडकावरचें प्रवाळ मात्र जेथल्या तेथें राहतें.