त्या वड्याची चव आणि अण्णांचे पथ्य

मागच्या आठवड्यात एक रुग्ण साखरेचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आले. वय साठीच्या पुढे. जन्मभर शेतात राबलेले, आता मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितले, तळकट कमी करा म्हणालो. ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "डॉक्टर, वडापाव पार बंद का?" मी हसलो. तसे म्हणाले, "स्टँडावरच्या काकांचा वडा आता राह्यला नाय. पन कुठं वड्याचा घाणा पडला का पाय थांबतात बघा."

वाचकहो, पाय माझेही थांबतात. म्हणून आज औषधांपेक्षा त्या वड्याविषयी थोडे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, शाळामास्तर होते. दरवर्षी २ जानेवारीला ते मला सिद्धगडावर नेत. १९४३ साली याच दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. माथेरानचे वकील असलेले कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणले होते. अंधारात चालत जायचे, थंडीत कुडकुडत स्मारकाला वंदन करायचे आणि नारिवलीवरून म्हशाकडे परतायचे. मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर पोहोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत असत. तेथे कुंपणाला लागून काकांची टपरी होती. अमेरिकेत म्हणे मोटारीत बसल्या बसल्या बर्गर हातात मिळतो. आमचे काका लाल गाडीच्या खिडकीतून वडापाव देत, आणि सुटे पैसे नसतील तर "पुढच्या खेपेला द्या मास्तर" म्हणत. तो वडा, ती लसणाची सुकी चटणी आणि मिठात घोळवलेली तळलेली मिरची. तशी चव मला पुन्हा कुठेही मिळाली नाही.

आपल्या मुलखात वडा आणि घाट यांचे नातेच आहे. शहापूर तालुक्यातल्या कसाऱ्याला थळ घाट चढण्यासाठी आगगाडीला जादा इंजिन लावत, कर्जतला बोरघाटासाठी लावत. गाडी थांबली की प्रवासी खाली उतरत. कर्जतच्या दिवाडकरांचा वडा असाच नावारूपाला आला. खोपोलीला घाट चढण्यापूर्वी मोटारी थांबत, म्हणून रमाकांतचा वडा प्रसिद्ध झाला. वडा पावात घालून विकण्याचे श्रेय दादरच्या अशोक वैद्य यांना दिले जाते, साल १९६६. गंमत अशी की ज्याला आपण अस्सल मराठी खाणे म्हणतो, त्यातला बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. परके आपले व्हायला वेळ लागत नाही, फक्त चव लागावी लागते.

आता डॉक्टर म्हणून सांगतो. "पूर्वीची चव राहिली नाही" हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. त्यात थोडे खरे आहे, थोडे आपले नाक आहे. चवीचा मोठा भाग वासाचा असतो आणि साठीनंतर वास घेण्याची शक्ती कमी होत जाते. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, ते याच कारणाने. शिवाय वासाच्या वाटा मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या केंद्रांना अगदी जवळून जोडलेल्या आहेत. म्हणून घाण्याच्या एका वासाने चाळीस वर्षांपूर्वीचा स्टँड डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि तिसरी गोष्ट भुकेची. डोंगर उतरून आलेल्या पोराला लागलेला वडा गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कसा लागणार?

खरा फरक येथेच आहे. एका वडापावातून साधारण तीनशे कॅलरी मिळतात. त्या खर्च करायला पाच-सहा किलोमीटर चालावे लागते. सिद्धगडाच्या वाटेवर आम्ही आधी चालत होतो आणि मग खात होतो, तेही वर्षातून मोजक्या वेळा. आज आपण मोटारसायकलवरून टपरीपर्यंत जातो, तेही रोज. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. त्याचा सारा दोष बिचाऱ्या वड्याच्या माथी मारता येणार नाही. वडा होता तसाच आहे, आपले चालणे सुटले.

हे सारे मला आज नीट सांगता येते. एकदा मात्र सांगता आले नाही.

अण्णांचे हृदय शेवटी शेवटी कमजोर झाले होते. पायांवर सूज, रात्री धाप. मी त्यांचे मीठ तोडले होते. त्या वर्षीच्या २ जानेवारीला त्यांना सिद्धगडावर जाता आले नाही. सकाळपासून खिडकीशी बसून होते. मी दवाखान्यात निघालो तेव्हा म्हणाले, "येताना काकांकडचा एक वडा आणशील का रे?" मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या तब्येतीला चालणार नाही." ते "बरं" म्हणाले. पुन्हा त्यांनी कधी मागितला नाही. चैत्रात अण्णा गेले. पुढे रस्ता रुंद झाला आणि टपरीही गेली.

माझा सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. हृदय कमजोर असताना जास्त मीठ पोटात गेले की अंगात पाणी साठते आणि धाप वाढते. पण पथ्य म्हणजे केवळ नकार नव्हे, हे मला तेव्हा कळले नाही. पाव आणि ती खारी मिरची बाजूला ठेवून अर्धा वडा दिला असता, त्या दिवशी जेवणातले मीठ आणखी कमी केले असते, तर फारसे बिघडले नसते. मुख्य म्हणजे त्यांच्याजवळ बसून मीही अर्धा खाल्ला असता. त्यांना वडा हवा होता की सिद्धगड हवा होता, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

तेव्हापासून "पार बंद" हे शब्द मी जपून वापरतो. काही रुग्णांना ते सांगावेच लागतात. बाकीच्यांसाठी काही साध्या गोष्टी:

वडा जेवणावर खाऊ नका, जेवणाऐवजी खा. रोजचा नाश्ता करू नका, महिन्यातून एक-दोन वेळा पुरे. मधुमेह असेल तर मैद्याचा पाव वगळा किंवा अर्धा घ्या, कारण बटाटा आणि मैदा दोन्ही साखर लवकर वाढवतात. रक्तदाब असेल तर मिरचीचे मीठ झटका. दिवसभरात सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा असावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

टपरीवर कढईकडे अवश्य पाहा. तेल काळे, चिकट झाले असेल, त्यावर फेस येत असेल, उग्र धूर निघत असेल तर पुढे चला. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक तयार होतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. घरीही तळणीचे उरलेले तेल आठ-आठ दिवस पुरवू नका.

आणि वर्तमानपत्रात बांधलेला वडा घेऊ नका. छपाईची शाई गरम तेलाबरोबर पोटात जाते. हा अंक वाचून झाल्यावर रद्दीत घाला, पण त्यात वडे बांधू नका!

त्या रुग्णाला मी शेवटी एवढेच सांगितले, "काका, बंद नाही. पण चालत जायचे, एकच खायचा आणि एकट्याने खायचा नाही." ते खूष होऊन गेले. आपल्या घरात कोणी पथ्यावरचे म्हातारे माणूस असेल आणि त्याने एखादा जुना पदार्थ मागितला, तर लगेच नाही म्हणू नका. आधी जवळ बसा आणि तो पदार्थ कुठला, कोणाबरोबर खाल्लेला, ते विचारा. किती द्यायचा ते नंतर ठरवता येते.