साहेब, फक्त दोन मिनिटं!

जेवणाच्या सुटीत डबा उघडावा आणि बॅग घेतलेले हसतमुख गृहस्थ टेबलाशी येऊन म्हणावेत, "साहेब, फक्त दोन मिनिटं!" शाळेच्या शिक्षकखोलीपासून एस.टी. डेपोपर्यंत हा अनुभव सर्वांना आहे. विमा किंवा क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांविषयी मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण या बॅगेतून हल्ली साखर घालवणारी पावडर, गुडघ्याचे तेल, ताकदीचे डबेही निघतात. त्यांविषयी मात्र बोललेच पाहिजे.

माझा दवाखाना मुंबईत डिलाईल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची कितीतरी घरे एकेकाळी या गिरणगावातल्या पगारावर चालली. त्या काळी पगाराच्या दिवशी व्याजाचे पैसे वसूल करायला सावकार काठी घेऊन गिरणीच्या दरवाजावर उभे राहात. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात, कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा वेढा देणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली. बंगालमध्ये १९३४ साली तसा कायदाही झाला. सावकार दरवाजाच का गाठत? कामाच्या जागेवरून माणसाला निघून जाता येत नाही, म्हणून. आज गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, काठीच्या जागी गोड बोलणे आले. नेम मात्र तोच आहे.

धोका कुठे आहे?

माझ्या एका रुग्णाने ऑफिसात आलेल्या विक्रेत्याकडून पावडरीचा डबा घेतला. "हळूहळू गोळ्या सुटतील," असे त्यांना सांगण्यात आले. महागाचा डबा वाया जाऊ नये म्हणून पावडर नेटाने घेतली आणि रक्तदाबाची गोळी सोडली. बरेही वाटत होते. कारण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. दीड महिन्याने दवाखान्यात मोजला तेव्हा २०० च्या वर होता. पक्षाघात टळला, हे नशीब.

मधुमेहात इन्शुलीन किंवा गोळ्या अशाच बंद केल्या तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. आधी आराम वाटतो, मागाहून साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मूत्रपिंड अधू असलेल्याला प्रथिनांच्या पावडरीचा भार सोसत नाही. मुठीत नळी धरायला लावून यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम सारे सांगणाऱ्या यंत्रावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. त्यासाठी रक्ताची तपासणीच लागते.

नकार कसा द्यावा?

१) कारण देऊ नका. "पैसे नाहीत" म्हटले की हप्ते निघतात. "घरी विचारतो" म्हटले की वहिनींचा नंबर मागतात. "नंतर या" म्हटले की ते खरेच येतात. एकच वाक्य ठेवा: "मी कामाच्या जागी काही विकत घेत नाही." पुन्हा विचारले तर तेच वाक्य, त्याच आवाजात.

२) उभे राहा. बसायला खुर्ची दिली की दोन मिनिटांचा अर्धा तास होतो. मोबाईल नंबर देऊ नका, "नुसती सही"ही करू नका.

३) विक्रेता साहेबांचा मेहुणा किंवा सहकारी बाई असेल तर नकार जड जातो. तेव्हा डॉक्टरांना पुढे करा. "डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी काही घेत नाही," असे म्हणा. यात कुणाचा अपमान होत नाही.

४) कार्यालयप्रमुखांनी एकच नियम करून दारावर लावावा. माझ्याकडे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी येतात. रुग्ण संपल्यावरची वेळ त्यांना ठरवून दिली आहे, ती सारे पाळतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या संहितेनुसार डॉक्टरांची भेट मिळवण्यासाठी आमिष दाखवायला त्यांना मनाई आहे.

कायदा तुमच्या बाजूने

ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ प्रमाणे थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या जागी जायचे नाही. माल परत करण्याच्या अटीही त्याने सांगायच्या आहेत. तेव्हा आधी ओळखपत्र मागा. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात, मग ती तोंडी का असेना, १९५४ च्या जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापावा लागतो. तो शोधा आणि विक्रेत्यालाच वाचून दाखवायला सांगा. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनसाठी १९०९ आहे.

विक्रेताही पोटासाठीच उन्हातान्हात फिरतो. त्याला पाणी जरूर विचारा, अपशब्द बोलू नका. पण डबा आधीच घेतला असेल तर संकोच न करता तो घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. आणि तोपर्यंत चालू असलेली एकही गोळी बंद करू नका.