‘काइंड ऑफ ब्लू’ : दंतकथा बाजूला ठेवून

जॅझकडे नव्याने वळलेल्या माणसाच्या हातात पहिली रेकॉर्ड बहुतेकदा माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ पडते आणि तिच्याबरोबर चार ऐकीव गोष्टीही पडतात. सगळं म्हणे तालमीशिवाय, पहिल्याच प्रयत्नात वाजवलेलं आहे. हे म्हणे आपल्या रागसंगीतासारखंच आहे. ऐकायची तर १९५९ची मूळ प्रतच ऐकावी. ती परवडत नसेल तर निदान १८० ग्रॅमची जाड तबकडी घ्यावी. सांगणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, पण यातली एकही गोष्ट पूर्ण खरी नाही. त्या बाजूला ठेवल्या की ही रेकॉर्ड अधिक चांगली ऐकू येते, असं माझं ठाम मत आहे.

आधी नोंदीत काय आहे ते पाहू. ध्वनिमुद्रण दोन बैठकांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी. जागा न्यूयॉर्कच्या ईस्ट ३०व्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ. ती इमारत पूर्वी चर्च होती आणि तिच्या उंच छतामुळे आवाजाला जो मोकळेपणा मिळे, त्यासाठी ती नावाजलेली होती. डेव्हिस ट्रम्पेटवर, जॉन कोल्ट्रेन टेनर सॅक्सोफोनवर, ज्युलियन ‘कॅननबॉल’ अ‍ॅडर्ली आल्टोवर, बिल एव्हन्स पियानोवर, पॉल चेंबर्स बासवर, जिमी कॉब ड्रम्सवर. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच रचनेत पियानो विंटन केलीचा आहे. निर्माता अर्व्हिंग टाउनसेंड, ध्वनिमुद्रक फ्रेड प्लॉट. रेकॉर्ड १७ ऑगस्ट १९५९ला बाजारात आली.

‘एका दमात, तालमीशिवाय’

या समजाचं मूळ रेकॉर्डच्या पाठीवरच आहे. तिथला मजकूर एव्हन्सने लिहिला. जपानी शाईचित्रांत कुंचला एकदा टेकला की मागे घेता येत नाही, तसं हे वादन आहे, अशी त्याची मांडणी होती. डेव्हिसने रचनांचे आराखडे ध्वनिमुद्रणाच्या काही तास आधी तयार केले आणि प्रत्येक रचनेचं पहिलं पूर्ण वादनच रेकॉर्डवर आलं, असं त्याने नोंदवलं. यातला ‘पूर्ण’ हा शब्द लोकांनी गाळला आणि ‘पहिला प्रयत्न’ तेवढा लक्षात ठेवला.

त्या बैठकांच्या फिती उपलब्ध आहेत. त्यांत अर्ध्यावर थांबलेले प्रयत्न आहेत, चुकलेल्या सुरुवाती आहेत, ‘पुन्हा घेऊ’ आहे. एके ठिकाणी कंट्रोल रूममधून टाउनसेंड सांगतो की स्नेअर ड्रमची थरथर टेपवर येते आहे. तो नको असलेला आवाज म्हणून सांगतोय. डेव्हिसचं उत्तर असं, की तीही संगीताचाच भाग आहे. पाच रचनांपैकी ‘फ्लामेंको स्केचेस’ मात्र एव्हन्सच्या नियमात बसत नाही. तिचं पूर्ण वादन दोनदा झालं आणि रेकॉर्डवर दुसरं घेतलं गेलं. पहिलं १९९७च्या सीडीवर प्रसिद्ध झालं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. स्वरपंक्तींचा क्रम दोन्हींत तोच आहे, पण प्रत्येक वादक दुसऱ्या खेपेला वेगळी वाट धरतो. उत्स्फूर्तता म्हणतात ती इथे कानांनी तपासता येते.

तालीम नव्हती हेही अर्धवटच खरं. कोल्ट्रेन आणि चेंबर्स १९५५पासून डेव्हिसबरोबर होते. कॉब १९५८मध्ये आला. अशा स्वरपंक्तींवर रचना उभी करण्याचा पहिला ठळक प्रयोग डेव्हिसने १९५८मध्ये ‘माइलस्टोन्स’ या रचनेत केला होता. रोज रात्री क्लबात एकत्र वाजवून एकमेकांचा श्वास ओळखू लागलेली ही माणसं होती. कागदावर आराखडा अगदी थोडा होता, तो अशाच माणसांना पुरतो.

एव्हन्स तर तेव्हा या बँडमध्ये नव्हताच. १९५८च्या अखेरीस तो बाहेर पडला होता आणि डेव्हिसने त्याला या कामासाठी मुद्दाम परत बोलावलं. नेहमीचा पियानोवादक केली स्टुडिओत पोचला तेव्हा पियानोवर एव्हन्स बसलेला दिसला. हा सगळा योगायोग नव्हता, निवड होती. ब्लूजच्या अंगाने जाणारी एक रचना केलीकडे आणि बाकीच्या चार एव्हन्सकडे, असा डेव्हिसचा हिशेब होता.

‘ब्लू इन ग्रीन’ कुणाची, हा वाद वेगळाच. रेकॉर्डवर श्रेय एकट्या डेव्हिसचं आहे. एव्हन्स ती आपली असल्याचं सांगत राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने ती आपल्या त्रयीबरोबर ‘पोर्ट्रेट इन जॅझ’साठी वाजवली, तिथे दोघांचीही नावं आहेत. रचनेतला पियानो ऐकला की माझा कौल एव्हन्सकडे झुकतो.

‘हे तर रागसंगीतच’

महाराष्ट्रात ही तुलना हमखास होते आणि तिच्यात तथ्याचा एक अंश आहे. ‘सो व्हॉट’ची बैठक ज्या स्वरपंक्तीवर आहे तिला पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणतात. पांढरी दोनला षड्ज मानून तिचे स्वर मोजले तर गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे भातखंड्यांच्या वर्गीकरणातला काफी थाट. इथपर्यंत बरोबर आहे.

पण थाट म्हणजे राग नव्हे, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच सांगतात. रागाला चलन लागतं, वादी-संवादी लागतात, अमुक स्वरावरून तमुक स्वराकडे कसं जायचं याची शिस्त लागते. ‘सो व्हॉट’मध्ये त्यातलं काही नाही, त्या सात स्वरांत वादकाने कुठूनही कुठेही जावं. शिवाय बत्तीस मात्राखंडांच्या चक्रातले पहिले सोळा पांढरी दोनवर झाले की पुढच्या आठांसाठी सगळी पंक्ती अर्ध्या स्वराने उचलून काळी दोनवर जाते आणि शेवटच्या आठांसाठी खाली येते. रागात षड्ज असा मधेच उचलून दुसरीकडे ठेवत नाहीत. ऐकताना हे वळण पकडता आलं की सगळ्या रचनेचा सांगाडा समोर उभा राहतो. सुरुवातीच्या संथ, तालमुक्त प्रस्तावनेनंतर बास एक प्रश्न टाकतो आणि पियानो दोन जड स्वरसमूहांनी उत्तर देतो. मग तेच उत्तर तिन्ही फुंकवाद्यं देऊ लागतात. हा प्रश्नोत्तराचा धागा धरून ठेवा. काळी दोनवर जातो तेव्हा प्रश्न तोच असतो, फक्त खोलीतला उजेड बदलावा तसं काहीतरी होतं. त्यानंतर डेव्हिसच्या एकल वादनाच्या तोंडाशी कॉबची झांज जोरात पडते आणि तिचा आवाज बराच वेळ विरत राहतो.

‘संपूर्ण रेकॉर्ड मोडल, म्हणजे स्वरपंक्तीवर उभी आहे’ हेही सरसकट विधान टिकत नाही. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ उघडउघड बारा खंडांचा ब्लूज आहे. ‘ऑल ब्लूज’सुद्धा ब्लूजच, फक्त सहाच्या लयीत डोलणारा. ‘ब्लू इन ग्रीन’ दहा खंडांच्या चक्रावर फिरते आणि तिच्यात स्वरसमूह एकापाठोपाठ एक बदलत राहतात. स्वरपंक्तीवरच उभ्या असलेल्या रचना खऱ्या अर्थाने दोन, ‘सो व्हॉट’ आणि ‘फ्लामेंको स्केचेस’.

प्रेरणेचं म्हणाल तर डेव्हिसने १९८९च्या आत्मचरित्रात तिचा माग सांगितला आहे. आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या नृत्यपथकात ऐकलेलं, अंगठ्यांनी वाजवायचं पट्ट्यांचं छोटं वाद्य, लहानपणी आर्कान्सामध्ये कानावर पडलेलं चर्चमधलं गाणं, आणि एव्हन्सबरोबर ऐकलेलं फ्रेंच संगीतकार राव्हेलचं संगीत. त्या आफ्रिकी वाद्याचा जो आवाज मनात होता तो आपल्याला पकडता आला नाही, असंही तो तिथे सांगतो. भारताचा ओढा होता तो कोल्ट्रेनला, आणि तोही नंतर. त्याची ‘इंडिया’ ही रचना १९६१ची. मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. हा खरा दुवा आहे. तो १९५९मध्ये मागे ओढून नेण्याची गरज नाही.

‘मूळ प्रत तीच अस्सल’

आता तबकड्यांकडे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लोकांचे पैसे जातात.

२ मार्चच्या बैठकीत दोन टेप-यंत्रं चालू होती. त्यातलं मुख्य यंत्र जरा हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर मुद्रित केलेली फीत योग्य वेगाने वाजवली की संगीत जलद होतं आणि चढतं. त्या दिवशी झालेल्या तिन्ही रचना रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर आल्या. म्हणून १९५९पासून पुढची तीसेक वर्षं ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ जगाने किंचित वरच्या पट्टीत ऐकल्या. चढ अर्ध्या स्वराहूनही कमी असल्याने साध्या श्रोत्याला तो जाणवत नाही, पण रेकॉर्ड लावून तिच्यासोबत वाजवू पाहणाऱ्याचं वाद्य जुळत नसे. राखीव म्हणून चालू ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राचा वेग बरोबर होता. त्याच्यावरची फीत वापरून १९९२च्या सीडीत ही चूक दुरुस्त झाली. पुढे १९९०च्या दशकातच क्लासिक रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीने बर्नी ग्रंडमनकडून कापून घेतलेल्या एलपीत जुन्या आणि दुरुस्त अशा दोन्ही वेगांची पहिली बाजू दिली.

तेव्हा मूळ प्रत ‘अस्सल’ कशाला म्हणायची? ताज्या फितीवरून कापलेली म्हणून तिची चमक खरी आहे. पट्टी मात्र चुकीची आहे. तिच्या सुरुवातीच्या वेष्टनांवर अ‍ॅडर्लीचं नाव चुकीच्या स्पेलिंगने छापलं आहे आणि दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट आहेत. लेबलवर सहा ‘डोळ्यांची’ खूण दिसली की विक्रेते लगेच पहिली आवृत्ती म्हणतात. पण कोलंबियाने ते लेबल १९६२च्या आसपासपर्यंत वापरलं, त्यामुळे खुणेवरून छपाईचं वर्ष ठरत नाही. त्यात साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या जड सुयांनी खरवडलेल्या खाचा. संग्राहकाला ती जरूर हवीशी वाटेल. ऐकणाऱ्याने तिच्यासाठी जीव टाकू नये.

मोनो म्हणजे दुय्यम, हाही असाच समज. मुद्रण तीन ट्रॅकच्या टेपवर झालं आणि त्यावरून मोनो आणि स्टिरिओ या दोन्ही आवृत्त्या १९५९मध्येच निघाल्या. स्टिरिओत ट्रम्पेट मधोमध आणि दोन सॅक्सोफोन दोन बाजूंना उभे राहतात. मोनोत सगळे एका जागी घट्ट येतात. मला स्टिरिओ आवडते, कारण त्या चर्चची हवा तिच्यात जास्त ऐकू येते.

वजनाबद्दल थोडक्यात. १८० ग्रॅमच्या तबकडीतली खाच साध्या तबकडीतल्या खाचेहून खोल नसते. जाड तबकडी वाकत कमी असेल. आवाज ठरतो तो फीत कुठली, कापणी कुणाची, साचा किती वापरलेला आणि दाबणी किती काळजीपूर्वक झाली यावर. ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांच्या आवृत्तीचा फायदा मात्र खरा आहे. पहिली बाजू जवळजवळ पंचवीस मिनिटांची आहे; ३३च्या तबकडीवर तिचा शेवट लेबलाजवळच्या आखूड फेऱ्यांत येतो, तिथे सुईला एका सेकंदाला कमी लांबीची खाच मिळते आणि ‘ब्लू इन ग्रीन’सारखी नाजूक रचना नेमकी तिथेच आहे.

वेष्टनावरची मोठी अक्षरंही जपून वाचावीत. २०२२मध्ये मोबाईल फिडेलिटी या नामांकित कंपनीने मान्य केलं, की त्यांच्या अनेक एलपींच्या निर्मितीत मधली एक पायरी डिजिटल होती. बरेच ग्राहक तोवर हे सगळं टेपवरून थेट कापलेलं समजत होते. आवाज त्यामुळे वाईट ठरत नाही, पण ग्राहकाला ते आधी माहीत असायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. युरोपात १९५९च्या ध्वनिमुद्रणांचं संरक्षण तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमानुसार २००९अखेर संपलं; मुदत नंतर ७० वर्षं झाली, पण संपलेली पुन्हा सुरू झाली नाही. त्यामुळे तिथे कुणीही ‘काइंड ऑफ ब्लू’ची एलपी छापू शकतं, मूळ फितीचं तोंडही न पाहता. स्वस्त, चकचकीत, रंगीत तबकड्यांपैकी अनेक अशाच असतात आणि त्यांचा स्रोत एखादी सीडीही असू शकतो.

म्हणून विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. कुठल्या फितीवरून? कापणी कुणाची? पहिल्या बाजूचा वेग दुरुस्त केलेला आहे का? उत्तर मिळालं नाही तर पैसे राखून ठेवा आणि १९९७ची सीडी घ्या. ती तीन ट्रॅकच्या टेपवरून, बरोबर वेगात आहे आणि तिचा आवाज उत्तम आहे. घरी तानपुरा असेल तर तो पांढरी दोनला लावा आणि ‘सो व्हॉट’ आधी जुन्या प्रतीवर, मग दुरुस्त प्रतीवर ऐकून पाहा. वेगाचा हा सगळा मुद्दा तुमचे कानच तुम्हाला पटवून देतील.