नवे बियाणे गावात रुजते कसे?

एखाद्या वाणाची शिफारस प्रसिद्ध झाली, प्रात्यक्षिक झाले, सभा भरली, म्हणजे विस्ताराचे काम पुरे झाले असे मानण्याची सवय कित्येकांस असते. पुढच्या हंगामात चार-दोन शेतांवाचून ते वाण गावात कोठे दिसले नाही, की शेतकरी हटवादी आहे असा शेरा मारून मोकळे होणे सोपे जाते. वस्तुतः शेतकरी नवी गोष्ट केव्हा घेतो, का घेतो आणि कोणाचे पाहून घेतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. या अभ्यासाचा पाया घालण्यात दोन विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतील आयोवा हा मक्याचा मुलूख. तेथे १९२८ साली संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांना मिळू लागले. त्याचे उत्पन्न जुन्या मक्यापेक्षा सुमारे वीस टक्के अधिक येई. ताट भक्कम असल्याने यंत्राने कणसे काढणे सोयीचे होई, आणि पाण्याचा ताणही हे पीक अधिक सोसत असे. अडचण एकच, पण मोठी होती. तोवर शेतकरी आपल्याच शेतातील उत्तम कणसे निवडून बी राखीत असे. संकरित बियाणे मात्र दरवर्षी रोख पैसे देऊन विकत घ्यावे लागे. आणि पुढची कित्येक वर्षे तर मंदीची होती.

एम्स येथील आयोवा स्टेट कॉलेजातील समाजशास्त्रज्ञ ब्राइस रायन यांनी १९४१ साली या बियाण्याच्या प्रसाराची पाहणी हाती घेतली. मुलाखतींच्या कामी नील ग्रॉस हा पदव्युत्तर विद्यार्थी होता. तो मिलवॉकी शहरात वाढलेला, शेतीची माहिती बेताचीच. शेतकरी पहाटे उठतात असे कोणी सांगितल्यावरून तो पहिल्याच दिवशी सकाळी सहाला, अजून उजाडायचे असता, एका शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. एका शेतकऱ्याने त्याला ‘हॉर्स नेटल’चा बंदोबस्त कसा करावा, असे विचारले. हे वांग्याच्या कुळातील काटेरी तण आहे. परंतु नावातला ‘हॉर्स’ म्हणजे घोडा एवढेच ग्रॉसला कळले, आणि त्याने आजारी घोड्यास जनावरांच्या डॉक्टरला दाखविण्याचा सल्ला दिला! तरीही त्याचे काम चोख होते. शिकविण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी आपण आलो आहोत, हे तो विसरला नाही.

ग्रीन परगण्यातील दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांची माहिती या अभ्यासात धरली आहे. १९४१ पर्यंत त्यांतील दोघे सोडून सर्वांनी संकरित मका स्वीकारला होता. मात्र प्रथम कानावर येण्यापासून प्रत्यक्ष स्वीकारापर्यंत सरासरी नऊ वर्षे गेली होती. पहिली पाच वर्षे तर प्रसार अगदी मंद होता. १९३३ पर्यंत दहांत जेमतेम एकाने हे बी घेतले होते. त्यानंतर तो झपाट्याने वाढला. पहिल्या वर्षीच सारे रान नव्या बियाण्याखाली आणणारा शेतकरी विरळाच. बहुतेकांनी आधी थोड्या जमिनीत पेरून पाहिले आणि मग तीन-चार वर्षांत क्षेत्र वाढविले. बियाण्याची वार्ता बहुतेकांस प्रथम विक्रेत्याकडून कळली. पण ते घ्यावे असा निश्चय झाला तो मुख्यत्वे शेजाऱ्याचा अनुभव ऐकून व पाहून. १९४३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच आयोवात कॅरोल गावाजवळच्या एका शेतकऱ्याला नव्या यंत्रांची मोठी हौस होती, पण संकरित मका मात्र तो कित्येक वर्षे टाळीत राहिला. १९३६ च्या अवर्षणात शेजारचा संकरित मका उभा राहिला आणि याचा वाळून गेला, तेव्हा त्याची खात्री पटली. त्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स. त्याने पुढे आयोवा स्टेटमध्येच डॉक्टरेटसाठी याच विषयाचा अभ्यास केला आणि १९६२ साली लिहिलेला त्याचा ग्रंथ जगभर विस्ताराच्या शिक्षणात वापरला गेला. १९५४ साली त्याने तणनाशके, रासायनिक खते, पशुखाद्ये इत्यादी नव्या शिफारशींचा स्वीकार तपासला. एका शेतकऱ्याने यांतील एकही रसायन घेतले नव्हते. शेजाऱ्यांच्या फवारण्यांनी गाणारे पक्षी आणि मातीतील गांडुळे मरत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. तज्ज्ञांच्या शिफारशी हेच माप असल्याने रॉजर्सच्या मोजणीत त्याला सर्वांत कमी गुण पडले आणि त्याची गणना ‘मागे रेंगाळणाऱ्यां’त झाली. पुढे सेंद्रिय शेतीचा विचार बळावला, तेव्हा हाच मनुष्य सर्वांच्या पुढे होता असे म्हणण्याची पाळी आली. रॉजर्सने ही हकीकत आपल्याच ग्रंथात नमूद केली, हे त्याला भूषणावह आहे.

महाराष्ट्रातही असा अनुभव आहे. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी प्रसारित झाली. उत्पन्न भरघोस होते, याविषयी वाद नव्हता. परंतु ताटे आखूड म्हणून कडबा कमी. पीक लवकर तयार होऊन पावसात सापडले की दाणा काळा पडे. आणि भाकरीला जुन्या ज्वारीची चव नसे. बैलांना कडबा हवा, घराला भाकरी हवी. हिशेब नुसत्या दाण्याचा मांडला तर हात आखडता घेणारा शेतकरी अडाणी ठरतो. कडबा व भाकरी धरून मांडला तर तो चोख व्यवहारी ठरतो.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे विस्तार शिक्षणाचे विद्यार्थी आज प्रश्नसूची घेऊन गावोगाव जातात. विषय ठिबक सिंचनाचा असो, रुंद सरी-वरंब्यावरील पेरणीचा असो, की ड्रोनने करावयाच्या फवारणीचा. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्याने विद्यार्थ्यास चार प्रगतिशील बागाईतदारांची नावे देऊन थांबू नये. ज्याने ठिबक बसवून दोन वर्षांनी काढून टाकले, ज्याच्या दोन एकरांच्या तुकड्यात यंत्र वळत नाही, आणि ज्या घरी पेरणीचा निर्णय बाईमाणसाच्या हाती आहे, अशांकडेही त्यास न्यावे. शेतकरी बंधूंनीही पाहुण्यास बरे वाटेल असे उत्तर न देता खरे ते सांगावे. वापर एक हंगामच केला असेल तर तसेच सांगावे. ‘न स्वीकारण्याचे कारण’ या रकान्यात विद्यार्थ्याने ‘अज्ञान’ असा एक शब्द भरून पुढे जाऊ नये. शेतकऱ्याने दिलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहावे आणि जागा अपुरी पडल्यास कागदाच्या पाठीमागे लिहावे.